टेको बोल्ड फॉन्ट: मोठ्या मथळ्यांसाठी कसा आहे, सविस्तर रिव्ह्यू

देवनागरीत जाड, कोनदार आणि तरीही वाचता येणारा फॉन्ट शोधायला गेलं की पर्याय पटकन संपतात. गोलमटोल जाड फॉन्ट आहेत, बोरूच्या वळणाचे जाड फॉन्ट आहेत, पण सरळ रेघांचा, कडक, पोस्टरवर लांबून वाचता येईल असा म्हटलं की बरेच जण शेवटी टेकोवरच येतात. मीही हा भरपूर वापरलाय, पोस्टर, थंबनेल, टी-शर्ट, स्पर्धांचे बॅनर, वेबसाइटची हेडिंग्ज, सगळीकडे, आणि आता मत बऱ्यापैकी पक्कं झालंय म्हणून लिहितोय. फॉन्ट उत्तम आहे. पण तो कशामुळे उत्तम आहे हे लक्षात नाही घेतलं तर त्याची वाट लावायला दोन क्लिक पुरतात, आणि रोज आजूबाजूला तेच दिसतं.

आधी बेसिक माहिती. इंडियन टाईप फाउंड्री या फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीने २०१४ मध्ये टेको काढला, डिझाइन मानुषी पारीख यांचं. देवनागरी आणि लॅटिन (म्हणजे इंग्रजीची लिपी) दोन्ही लिप्या एकाच फाइलमध्ये येतात. लाइट, रेग्युलर, मीडियम, सेमीबोल्ड आणि बोल्ड अशी पाच वजनं, म्हणजे जाडीच्या पायऱ्या आहेत, प्रत्येकात १०९० ग्लिफ्स, म्हणजे काढलेले अक्षर-आकार, त्यामुळे जोडाक्षरं भरपूर मिळतात. लायसन्स ओपन फॉन्ट लायसन्स आहे म्हणजे गूगल फॉन्ट्सवरून मोफत डाउनलोड करा, क्लायंटच्या कामात वापरा, अ‍ॅपमध्ये घाला, काही अडचण नाही, फक्त फॉन्टची फाइल एकटीच विकायला काढता येत नाही. आता व्हेरिएबल फाइलही मिळते, त्यात ३०० (लाइट) ते ७०० (बोल्ड) मधलं कुठलंही वजन निवडता येतं, आणि हे पुढे कामाला येतं म्हणून लक्षात ठेवा.

आता डिझाइनकडे येऊ. टेको हा चौकोनी सॅन्स घराण्यातला, म्हणजे अक्षरांच्या टोकांना शोभेच्या शेपट्या नसलेला. लॅटिनमध्ये हे घराणं जुनं आहे, मॉरिस फुलर बेंटनचा बँक गॉथिक १९३० चा, मायक्रोग्रामा १९५२ चा आणि त्यातून पुढे आल्डो नोव्हारेसेचा युरोस्टाइल १९६२ चा. इंग्रजीतला ओ चौकोनी केला तरी तो ओच राहतो, ई, एच, टी, एल वगैरे तर मुळातच सरळ रेघांचे. म्हणजे लॅटिनमध्ये अर्धी लढाई आधीच जिंकलेली असते. देवनागरीचं तसं नाही. आपली अक्षरं तिरप्या कापलेल्या बोरूतून आली, तिथे रेघ वळताना जाड-बारीक होते आणि त्या जाड-बारीकमधूनच अक्षर ओळखू येतं. ट, ठ, ड, ढ, द, ह, छ, ही सगळी मंडळी गोल पोटाची. त्यांना पकडून चौकोनात बसवायचं आणि वर जाड-बारीकचा फरकही काढून टाकायचा म्हणजे घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, प आणि ष यांच्यात गोंधळ व्हायला कितीसा वेळ लागतो. बऱ्याच कोनदार देवनागरी फॉन्टचं इथेच फसतं, अक्षरं दिसायला भारी पण वाचायला बसलं की प्रत्येक शब्दावर अडखळायला होतं.

टेको इथे का टिकतो, तर त्याने अक्षराच्या बाहेरच्या आकारापेक्षा आतल्या पोकळीवर काम केलंय. ठ च्या पोटातली जागा, ब च्या आतली जागा, म च्या गाठीशेजारची जागा, या सगळ्या पोकळ्या जवळजवळ आयताकृती आहेत आणि एकमेकांच्या मापाच्या आहेत. त्यामुळे शब्द लिहिला की काळ्या पट्ट्या आणि पांढऱ्या पट्ट्या एका तालात पडतात. काळा उभा दंड, मग पांढरी फट, मग काळा दंड. अक्षरं मोजक्याच रेघांवर आणून ठेवलीत, शोभेचं काही ठेवलेलं नाही. बोल्डमध्ये सुद्धा त्या फटी बुजलेल्या नाहीत आणि माझ्या मते या फॉन्टची सगळी ताकद त्या पांढऱ्या फटीत आहे, जाडीत नाही. जाडी काय, कोणीही वाढवतं.

तुलनेसाठी 'एक टाईप' या फाउंड्रीचा मोदक हा फॉन्ट बघा. तो पण जाड, किंबहुना टेकोपेक्षा कितीतरी जाड, पण तिथे विचार उलटा आहे, पोकळी मुद्दाम केसाएवढी बारीक केलीय आणि अक्षर फुगवलंय. तो मोठ्या साइझला गोड दिसतो, लहान मुलांच्या कार्यक्रमाला, मिठाईच्या पाकिटाला मस्त. पण लांबून एका नजरेत वाचायचं असेल तर मोदक थांबवतो, टेको थांबवत नाही. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त अदलाबदल करू नका.

इंडियन टाईप फाउंड्रीचेच खंड आणि राजधानी हे दोन फॉन्ट टेकोचे नातेवाईक म्हणता येतील. खंडमध्ये वळणं थोडी जास्त राखलेली आहेत म्हणून तो बातमीच्या मथळ्याला बरा वाटतो, मऊ पडतो. राजधानी चौकोनी आहे पण हलका आहे, आकड्यांचा डॅशबोर्ड, अ‍ॅपची स्क्रीन, टेक्निकल माहिती यासाठी मी तो घेईन. तिघांत सगळ्यात कडक टेकोच.

कडक म्हणजे काय ते वापरातून कळतं. खेळ, जिम, गेमिंग, मॅरेथॉन, कुस्ती, आंदोलनाचं पोस्टर, सेलचा बोर्ड, इशाऱ्याची पाटी, न्यूज चॅनलच्या पट्टीसारखी पट्टी, इथे टेको बोल्ड टाकला की काम झालं. शब्द छोटे असतील तर अजून छान. दोन ते चार शब्द, शक्यतो एका ओळीत, मोठ्या साइझला. अरुंद असल्यामुळे लांब मराठी शब्द पण बसतात आणि मराठीत हा मोठाच फायदा आहे कारण आपल्याकडे प्रत्यय शब्दाला चिकटतात, इंग्रजीत तीन छोटे शब्द होतील तिथे आपला एकच 'स्पर्धकांसाठीच्या' होऊन बसतो आणि रुंद फॉन्टमध्ये तो पोस्टरच्या बाहेर जातो.

अजून एक गोष्ट, जी इंग्रजीत काम करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. देवनागरीत कॅपिटल लेटर नाहीत. इंग्रजी पोस्टरवर जोर द्यायचा असला की सगळं कॅपिटलमध्ये टाकतात आणि विषय संपतो. आपल्याला जोर द्यायला वजन, साइझ आणि रंग एवढंच हातात आहे. म्हणून मराठीत चांगला जाड डिस्प्ले फॉन्ट, म्हणजे मोठ्या मथळ्यांसाठीचा फॉन्ट असणं हे इंग्रजीपेक्षा जास्त गरजेचं आहे, आणि म्हणूनच टेकोसारख्या फॉन्टबद्दल मला मनापासून आपुलकी वाटते.

आता वापरताना काय काय बिघडतं ते बघू, इथे जरा वेळ घेतो.

पहिलं म्हणजे फेक बोल्ड. टेको बोल्ड हे त्या घराण्यातलं सगळ्यात जड वजन आहे, त्याच्या पुढे काही नाही. पण लोकांना ते कमी पडतं, मग सॉफ्टवेअरमधलं बी बटण परत दाबतात किंवा अक्षराला त्याच रंगाचा स्ट्रोक, म्हणजे कडेने रेघ देतात. झालं, पोकळी बुजली. ष, क्ष, ज्ञ, द्ध, ह्य यांचे डाग होतात. वेबवर पण हेच होतं, फक्त रेग्युलर फाइल लोड केलेली असते आणि हेडिंगला ७०० वजन लावलेलं असतं, मग ब्राउझर स्वतःच अक्षर फुगवतो आणि वाटतं की फॉन्टच असा आहे. खरी बोल्ड फाइल लोड करा किंवा व्हेरिएबल वापरा, लगेच फरक दिसेल. जास्तच जोर हवा असेल तर साइझ वाढवा, जाडी नको.

दुसरं, लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षराअक्षरातलं अंतर. इंग्रजीत टेकोचे कॅपिटल जरा मोकळे सोडले की छान श्वास घेतात. तीच सेटिंग मराठीला लागली की शिरोरेघ तुटते, अक्षराअक्षरामध्ये फट पडते आणि शब्दाचे तुकडे दिसायला लागतात. जाड फॉन्टमध्ये तर हे जास्तच खटकतं कारण शिरोरेघ म्हणजे एक जाड काळी पट्टी असते आणि त्या पट्टीत चिरा पडलेल्या लांबूनही दिसतात. देवनागरीला लेटर-स्पेसिंग शून्य ठेवा. वेबसाइट दोन भाषांची असेल तर मराठीसाठी वेगळा नियम लिहा, त्याला पर्याय नाही.

तिसरं, ओळींमधलं अंतर. इंग्रजी पोस्टरवर दोन ओळी एकमेकींना जवळजवळ चिकटवायची स्टाइल आहे, कॅपिटलना वर-खाली काही नसतं म्हणून ते जमतं. मराठीत वरच्या ओळीचा उकार, ऋकार आणि खालच्या ओळीची वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार यांची टक्कर होते. 'मूर्ती', 'पूर्वी', 'गृहकृत्य' असे शब्द वरच्या ओळीत आणि 'कौतुक', 'शैली' खालच्या ओळीत आले की गेलंच. टेकोच्या फाइलमध्ये या मात्रांसाठी वर-खाली जागा राखलेली आहे, ती उगाच खाऊ नका. मी दोन ओळींचा मथळा असेल तर शब्द पुढे-मागे करून बघतो, उकार असलेला शब्द खालच्या ओळीत ढकलता आला तर वरची ओळ आपोआप मोकळी होते आणि मग अंतर थोडं कमी करता येतं. शब्दरचना बदलायची मुभा असेल तर हा उपाय सगळ्यात चांगला.

याच राखलेल्या जागेचा एक त्रास मात्र आहे आणि तो वेब डेव्हलपर लोकांना जास्त होतो. बटणात किंवा छोट्या पट्टीत फक्त इंग्रजी मजकूर किंवा आकडे टाकले की ते उभ्या दिशेने बरोबर मध्यावर बसत नाहीत. कारण ओळीची उंची देवनागरीच्या मात्रा धरून ठरलेली असते आणि इंग्रजी कॅपिटल तेवढी जागा वापरतच नाहीत. मग वरून-खालून पॅडिंग वेगवेगळं देऊन हाताने जुळवावं लागतं. एकदा जुळवलं की विषय संपतो, पण पहिल्यांदा डोकं खातं.

चौथं, ताणणं. टेको अरुंद आहे म्हणून लोक तो आडवा ओढतात. असं केलं की उभे दंड जाड होतात आणि आडव्या रेघा तशाच राहतात, म्हणजे जो समतोल डिझायनरने घातलाय तोच मोडतो. तिरपा करणं मात्र चालतं. टेकोला इटॅलिक नाही, पण खेळाच्या पोस्टरवर वेग दाखवायला लोक तो थोडा झुकवतात आणि मला ते पटतं, कारण आडवं झुकवल्यावर शिरोरेघ आडवीच राहते, फक्त दंड कलतात आणि सगळा शब्द एकसाथ पुढे धावल्यासारखा दिसतो. आठ-दहा अंशांच्या पुढे जाऊ नका, मग अक्षरं पडायला लागतात.

प्रिंट आणि कटिंगबद्दल थोडं. व्हिनाइल कटिंगला, म्हणजे चिकटणाऱ्या प्लास्टिकच्या शीटमधून अक्षरं मशीनने कापायला, टेको छान आहे, लांब सरळ कडा असतात, बारीक टोकं नसतात. पण एक गोष्ट करायलाच हवी. देवनागरी फॉन्टमध्ये शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेघा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात, स्क्रीनवर ते दिसत नाही, पण अक्षरांचं आउटलाइनमध्ये रूपांतर करून फाइल कटरला दिली की तो प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापतो आणि शिरोरेघेत सांध्यासांध्याला काप बसतात. म्हणून आधी सगळे आकार एकत्र जोडून घ्या, कोरल ड्रॉमध्ये वेल्ड, इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरमधलं युनाइट. अक्षरांना पोकळ आउटलाइन द्यायची असेल किंवा ट्रान्सपरन्सी लावायची असेल तरी हेच, नाहीतर सांध्यांवर रेघा दिसतात. एका छापखान्यातून माझ्याकडे असाच कापलेला बॅनर आला होता, प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर चिरा, आणि काम परत करावं लागलं.

न्यूजप्रिंटसारख्या शोषणाऱ्या कागदावर शाई पसरते, तिथे छोट्या जाहिरातीत बोल्डऐवजी सेमीबोल्ड घ्या, छापून आल्यावर ते बोल्डच दिसतं आणि पोकळी शाबूत राहते. काळ्या बॅकग्राउंडवर पांढरी अक्षरं असतील तरी तेच, पांढरं डोळ्याला फुगून दिसतं, म्हणून व्हेरिएबल फाइलमध्ये ७०० वरून ६५० च्या आसपास आणा. थंबनेलला हा बदल फार उपयोगी पडतो, मोबाइलवर थंबनेल नखाएवढं होतं तेव्हा वाचणाऱ्याला आधार असतो तो त्या फटींचाच.

सॉफ्टवेअरचं पण सांगून टाकतो, कारण खूप जण फॉन्ट खराब आहे म्हणून सोडून देतात आणि चूक असते सेटिंगची. टेको युनिकोड फॉन्ट आहे, म्हणजे मोबाइल-कॉम्प्युटरवर आज सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण पद्धतीचा. जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेवच्या पद्धतीने टाईप केलेला मजकूर त्यात पेस्ट केला तर अगम्य अक्षरं दिसणारच, आधी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. आणि फोटोशॉप, इलस्ट्रेटर, इनडिझाइनमध्ये वेलांटी भलतीकडे जात असेल किंवा जोडाक्षर फुटत असेल तर दक्षिण आशियाई लिप्यांचा सपोर्ट चालू नाहीये. इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा, इलस्ट्रेटरच्या टाईप प्रेफरन्सेसमध्ये इंडिक ऑप्शन चालू करा, फोटोशॉपमध्ये टाईपखाली वर्ल्ड-रेडी लेआउट. एवढं केलं की 'कि' मधली वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसणं थांबतं.

मराठीसाठी कोणताही देवनागरी फॉन्ट घेताना ल आणि श आधी बघायचे. आपला पाकळीचा ल आणि देठाचा श, हिंदीत चालणाऱ्या ल आणि श पेक्षा वेगळे आहेत, आणि २००९ च्या शासन निर्णयातही मराठीसाठी हीच रूपं सांगितली आहेत. बऱ्याच युनिकोड फॉन्टमध्ये मराठी रूपं फॉन्टच्या आत दडलेली असतात आणि मजकुराची भाषा मराठी म्हणून सांगितली की बाहेर येतात, वेबवर भाषेचा टॅग मराठी ठेवायचा, इनडिझाइनमध्ये कॅरेक्टर पॅनेलमधून भाषा निवडायची. मथळ्यात 'लढा', 'शिवार', 'कला' असा शब्द असेल तर हा फरक फूटभर उंचीचा होतो, म्हणून फायनल करण्याआधी नक्की तपासा. तसंच 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यातला ऱ्य आणि 'ॲ', 'ऑ' पण आधी टाईप करून बघा.

टेको बॉडी टेक्स्टला, म्हणजे परिच्छेदांच्या मुख्य मजकुराला वापरू नका. लाइट आणि रेग्युलर छोट्या मजकुराला चालतात, दोन-तीन ओळींचा उपमथळा, फोटोखालची ओळ, तारीख-वेळ. पण परिच्छेद लावला की सगळ्या फटी सारख्या, सगळे दंड सारखे, नजर कुठे अडकतच नाही आणि ओळ हरवते. खालच्या मजकुराला 'एक टाईप'चं मुक्ता घ्या, सात वजनं आहेत, साधं सरळ आहे, टेकोच्या शेजारी भांडत नाही. दोन कोनदार फॉन्ट एकत्र लावायची हौस असेल तर ती आवरा.

आणि भाव हवा असेल तिथेही टेको नको. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली अक्षरं आठवा, प्रत्येक नाटकाचं नाव वेगळ्या स्वभावाचं, कुठे अक्षर कोसळतंय, कुठे टोकदार होतंय, तेच अक्षर एकाच नावात दोनदा आलं तरी वेगळं काढलेलं. फॉन्टमध्ये प्रत्येक त सारखाच असतो, आणि टेकोमध्ये तर सगळी अक्षरं एकाच मापाची बांधलेली. नाटकाचं, चित्रपटाचं, पुस्तकाचं नाव असेल आणि बजेट असेल तर लेटरिंग करणाऱ्या माणसाकडे जा. टेको वरून ठळक सांगतो, पण कुजबुजणं, रागावणं, हसणं त्याच्यात नाही.

माझी एकच मागणी शिल्लक आहे आणि ती म्हणजे टेकोची रुंद आवृत्ती. लांब शब्दांना अरुंदपणा वरदान आहे, पण 'बंद', 'चला', 'रण' असा दोन अक्षरांचा मथळा आडव्या बॅनरवर टाकला की तो मध्यभागी उंच खांबासारखा उभा राहतो आणि दोन्ही बाजूंना रिकामी जागा उरते. साइझ वाढवावी तर उंची संपते. याच पोकळ्या, याच जाडीचे दंड, फक्त आडवे पसरलेले, असं एक वजन बोल्डमध्ये जरी आलं तरी निम्मे लोक अक्षरं ओढणं बंद करतील.